ती बुर्जी नव्हती

आमच्या बुद्धिबळ क्लबाच्या रजिस्टरात एक ओळ खोटी आहे. ती माझ्या हातची नाही, पण ती लिहिली जात होती तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो आणि माझं तोंड बंद होतं. एरवी माझं तोंड बंद नसतं. नळाला पाणी नाही, वसतिगृहाची डाळ पातळ, गिरणीच्या फाटकावर बदली कामगारांना उन्हात ताटकळत ठेवतात, अशा प्रत्येक गोष्टीवर मी पत्रकं लिहिली, वाटली, चौकात स्टुलावर उभं राहून ओरडून वाचली. एकदा पोलिसानं हात धरून खाली ओढलं, तेव्हाही वाक्य पुरं करूनच उतरलो. त्या रविवारी फक्त एक शब्द बोलायचा होता. तो बोललो नाही, कारण मी एका माणसावर जळत होतो.

तो छापखान्यात कंपोझिटर होता. मूळचा भिवापूरचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, शाळा सातवीत सुटलेली. दिवसभर उभ्यानं खिळे जुळवायचा, म्हणजे शिशाची एकेक उलटी अक्षरं खणांतून उचलून ओळी रचायचा. शाई त्याच्या बोटांच्या पेरांत कायमची मुरलेली. रविवारी हात साबणानं घासून यायचा, तरी पांढऱ्या मोहऱ्यांवर त्याचे करडे ठसे उमटायचे. क्लबात पाच संच होते. पहिल्या पटावरचा, म्हणजे क्लबातल्या सगळ्यांत चांगल्या खेळाडूचा संच कोणता, हे नव्या माणसालाही त्या ठशांवरून कळायचं. एकदा मी रुमाल ओला करून पांढरा हत्ती पुसायला घेतला, तर गुरुजी म्हणाले, "राहू दे रे. चांगल्या हाताचे आहेत."

गुरुजी म्हणजे आमचे अध्यक्ष, निवृत्त शाळामास्तर. नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयाची मागची खोली त्यांनीच क्लबाला मिळवून दिली होती आणि रजिस्टर त्यांच्याच ताब्यात असे. माझ्या हातांविषयी ते कधी काही बोलले नाहीत. माझ्या हातांचे ठसेच उमटत नसत. कामगारांच्या हातांवर मी तोवर चार पत्रकं लिहिली होती, त्यातलं एक तर नुसतं 'हे हात पाहा!' एवढ्या मथळ्याचं होतं, आणि या एका कामगाराचे हात दिसले की माझं डोकं फिरायचं.

तो खेळायला बसला की त्याच्या खुर्चीमागे माणसं जमत. कुणी बोलत नसे. चहावाला कप ठेवून परत जायच्या ऐवजी तिथंच उभा राही. माझ्या खुर्चीमागे खिडकी होती. मी वाईट खेळत नव्हतो हो. क्लबात दुसरा नंबर माझाच होता. पण दुसऱ्याच्या मागे कोण उभं राहतं?

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तिच्यावरून मी किती खोल गेलो होतो ते कळेल. छापखान्यात मी गिऱ्हाईक म्हणून गेलो की तो मला "या भाऊ, बसा" म्हणायचा. क्लबात मात्र "चाल गा, किती विचार करून राह्यला?" म्हणायचा. समतेवर भाषणं देणारा मी, आणि त्याचं ते क्लबातलं 'तू' मला टोचायचं.

आता पत्रकाचं सांगतो. आणीबाणी उठून वर्षही झालं नव्हतं. ती असताना कुठलाही छापखाना आमच्या कागदाला हात लावत नव्हता, त्यामुळे उठल्यावर मी जे सुटलो ते दिसेल त्या विषयावर पत्रक काढत सुटलो. त्यात बुद्धिबळही आलं.

आमच्या क्लबात जुन्या देशी पद्धतीनं खेळत. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मिळायची, आणि बुर्जी असायची. बुर्जी म्हणजे समोरच्याचे सगळे गडी मारून त्याचा राजा उघडा, एकटा पाडणं. मात नाही झाली तरी बुर्जी करणाऱ्याची सरशी धरली जायची. राजा उघडा पडणं म्हणजे भर इतवारीच्या बाजारात धोतर सुटणं. बुर्जी होणार असं दिसलं की भलेभले आधीच डाव मोडून उठत, पाणी प्यायला निघून जात.

बाहेर सगळीकडे स्पर्धा नव्या, आंतरराष्ट्रीय नियमांनी होत होत्या. आमची माणसं तिथं जाऊन पहिल्याच फेरीत माना खाली घालून परत यायची. तेव्हा नियम बदलले पाहिजेत हे खरंच होतं. पण माझ्या पोटात दुसरं होतं. देशी डावात तो मला सलग हरवत आला होता. मी इंग्रजी पुस्तक आणून नवे नियम वाचले होते, त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. नियम बदलले की पहिला पट आपोआप माझा, असा माझा हिशेब होता. पत्रकात अर्थातच तो लिहिला नाही. पत्रकात लिहिलं:

'बुर्जी ही सरंजामी कल्पना आहे. गडी मोजून विजय ठरवणे ही सावकाराची रीत आहे. राजाजवळ काही उरले नाही म्हणून तो हरला, असे आज म्हणणारे उद्या म्हणतील की गरिबाजवळ काही उरले नाही म्हणून तोही हरला! मात झाल्याशिवाय कोणीही हरत नाही!'

खाली नवे नियम, एक ते बारा. मी त्या शेवटच्या वाक्यावर इतका खूष होतो की छापखान्यापर्यंत सायकलवर ते मोठ्यानं म्हणत गेलो.

जुळवायला बसला तो. म्हणजे उभा राहिला. कागद डोळ्यांसमोर अडकवून त्याची बोटं खणांत फिरायला लागली. मी बाजूला स्टुलावर. अर्ध्या तासानं म्हणाला, "भाऊ, बुर्जीतला जी तुमी ऱ्हस्व काढला. दीर्घ पाहिजे."

"करा दीर्घ," मी म्हणालो. बी. ए. मी होतो.

मग पुन्हा थांबला. हातातल्या जुळणीच्या पट्टीत ओळ तशीच धरून म्हणाला, "म्हंजे राजा एकटा राह्यला तरी हारला नाई?"

"नाही."

"सारे गडी मेले तरी?"

"मात झाल्याशिवाय कोणी हरत नाही!" मी मुद्दाम आवाज चढवून म्हणालो. पलीकडे मालक बसला होता, त्यालाही ऐकू जावं म्हणून.

"बरं," तो म्हणाला, आणि ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह बसवलं.

क्लबाच्या बैठकीत फार तणातणी झाली. म्हातारी मंडळी म्हणाली, उद्या हा राजाऐवजी अध्यक्ष ठेवा म्हणेल. पण गुरुजींनी हात वर केला आणि ठराव पास झाला. दिवाळीपासून नवे नियम. नियम बदलले, जिभा बदलल्या नाहीत. रजिस्टरही तेच राहिलं. त्यात मागच्या कुठल्या तरी चिटणिसानं शाईनं आखलेले तीन रकाने होते: मात, बुर्जी, बरोबरी. मधला रकाना आता रिकामा सोडायचा असं ठरलं. खोडला मात्र कुणीच नाही. मीही म्हणालो नाही की खोडा.

थंडीत अमरावतीच्या एका क्लबाचं बोलावणं आलं. पाच पटांचा सामना. पहिल्या पटावर कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. मी बैठकीत उभा राहून तो पाडला. "नवे नियम आले, तर जागाही नव्यानं ठरल्या पाहिजेत. जुन्या नियमांवर मिळालेली गादी चालणार नाही."

"गादी कायची गा," तो हसून म्हणाला, "लाकडी खुर्ची आहे. खिळा बी टोचते."

सगळे हसले. माझ्या कुठल्याही वाक्याला त्या खोलीत असं हसू आलं नव्हतं.

गुरुजींनी ठरवलं, येत्या रविवारी दोघांचा एकच डाव. "जिंकलास तर पहिला पट तुझा. बरोबरी झाली तर जागा आहे तशी."

म्हणजे मला जिंकायलाच हवं होतं. तो आठवडा मी कुठल्याच फाटकावर गेलो नाही. इंग्रजी पुस्तकातल्या सुरुवाती पाठ करत बसलो. शेवटाची प्रकरणं राहिली. वाटलं, तिथपर्यंत डाव जाणारच नाही.

पांढरी मोहरी मला आली. माझ्या पाठ केलेल्या चाली दहाव्या चालीपर्यंत पुरल्या, पुढं नेहमीसारखी हाणामारी. पण त्या दिवशी माझा हात चालत होता, हे मी खोट्या नम्रतेनं लपवणार नाही. तिसऱ्या प्रहरापर्यंत वजीर गेले, हत्ती गेले, आणि उरलं ते असं: माझ्याकडे दोन घोडे आणि एक प्यादं, त्याच्याकडे एक उंट. प्यादं वजीर व्हायला तीन घरं कमी.

तेवढ्यात माझ्या मानेला कुणाचा तरी श्वास लागला. वळून पाहिलं तर माझ्या खुर्चीमागे माणसं! इतवारीतला एक अडत्या होता, रविवारी फुटाण्यांचा पुडा घेऊन यायचा आणि फुकटचे सल्ले द्यायचा. तोही कंपोझिटरच्या बाजूनं उठून माझ्या बाजूला आला होता. चहावाला माझ्यामागे उभा होता. मी प्यादं आणखी एक घर पुढं सरकवलं आणि खुर्चीत मागे टेकलो. मला वाटलं, आता तो राजाला हात लावून डाव सोडेल. उंट आज ना उद्या जाणार, बुर्जी होणार, आणि बुर्जी कोण होऊ देतो?

त्यानं उंट उचलला आणि माझं प्यादं मारलं.

"अबे, जोर आहे ना त्याले घोड्याचा!" अडत्या ओरडला. जोर म्हणजे पाठिंबा. प्याद्यामागे माझा घोडा उभा होता, उंट फुकट जात होता.

"दिसून राह्यलं मले," तो म्हणाला.

मी घोड्यानं उंट मारला. दुसरं करणार काय? माझ्या हातात तो काळा उंट आला आणि पटावर त्याचा राजा एकटा उरला. चारी बाजूंनी मोकळी घरं. क्लबाच्या सगळ्या वर्षांत कुणी आपल्या हातानं आपला राजा उघडा केलेला नव्हता.

मग एकदम गलका झाला. "बुर्जी! बुर्जी झाली!" कुणी माझ्या पाठीवर थापही मारली.

"बुर्जी कायची?" तो शांतपणे म्हणाला. "बुर्जी त यानं काढून टाकली. म्या सोता खिळे जोडले त्याचे. मात झाल्याशिवाय कोणी हारत नाई." आणि माझ्याकडे पाहून, "नाई का गा?"

माझ्या कानशिलांवर कुणी तरी गरम पाणी ओतल्यासारखं झालं. माझं वाक्य! ते मी ओरडण्यासाठी लिहिलं होतं. त्यानं ते एकेक अक्षर उलटं वाचून, जागच्या जागी बसवून, खेळण्यासाठी ठेवून दिलं होतं.

"मग देतो मात," मी म्हणालो. "दोन घोडे आहेत माझ्याजवळ."

"दे ना. पन्नास चाली आहेत तुह्याजवळ. नियम नववा."

नववा नियमही मीच लिहिलेला. पन्नास चालींत मात झाली नाही, एकही गडी मेला नाही, प्यादं सरकलं नाही, तर बरोबरी.

चाली मोजायच्या कशा? गुरुजी म्हणाले, फुटाणे मांडा. अडत्यानं बाकाच्या कडेवर माझ्या प्रत्येक चालीला एक फुटाणा ठेवायला सुरुवात केली. मी घोडे दामटले. राजाला रेटत रेटत कोपऱ्यात नेला. कोपऱ्यात गेला की एक तरी घर सुटायचं आणि तो त्यातून निघून जायचा. ते घर बुजवावं तर शह नसताना त्याची चालच संपायची वेळ यायची, तीही बरोबरीच, म्हणून माझाच घोडा मला मागे घ्यावा लागायचा. पुन्हा दुसरा कोपरा. तो प्रत्येक चालीला राजाच्या डोक्यावर बोट ठेवी, सरकवी, आणि हात मांडीवर परत घेई. एकदाही घाई नाही.

"किती झाल्या?" गुरुजींनी विचारलं.

"बत्तीस," अडत्या म्हणाला.

चार कोपरे फिरून आलो. "आता?"

अडत्यानं मोजले. "एकतीस."

"अहो, कमी कशा झाल्या?"

अडत्याचं तोंड चालत होतं. खोली फुटली हसून. गुरुजी चिडले, नव्यानं मोजा म्हणाले, पण खाल्लेले कोण मोजणार? सगळ्यांनी कंपोझिटरकडे पाहिलं. नुकसान त्याचं होत होतं. तो म्हणाला, "खाऊ द्या त्याले, गुरुजी. राजाले चालाले जागा लय आहे."

असा राग आला मला. माणसानं भांडावं, हट्ट धरावा, नियमावर बोट ठेवावं! हा माणूस मला चाली वाढवून देत होता, आणि त्या सगळ्या घेऊनही माझ्यानं मात होत नव्हती. माझ्यामागची माणसं केव्हा पुन्हा त्याच्या खुर्चीमागे गेली ते मला कळलं नाही. मला कळलं तेव्हा पाठीला खिडकीचा गार वारा लागत होता.

शेवटी फुटाणे पन्नास झाले. खऱ्या चाली सत्तरीच्या घरात असतील. मी घोड्यावरचा हात काढला.

गुरुजींनी रजिस्टर उघडलं, टाक शाईत बुडवला आणि थांबले. "लिहू काय?"

"बुर्जी!" अडत्या म्हणाला. आणखी दोघं-तिघं म्हणाले. माझ्यावरच्या प्रेमानं नव्हे. डोळ्यांसमोर राजा उघडा पडलेला, त्याला दुसरं नावच त्यांच्याजवळ नव्हतं. जन्मभर त्याला तेच म्हणत आले होते.

"नियमानं बरोबरी होते," गुरुजी म्हणाले. "पण रकाना आहे अजून." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नियम तू आणलास. तूच सांग."

तोही माझ्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, धाकही नव्हता. पट्टीत ओळ धरून पुढच्या शब्दाची वाट पाहताना त्याचा चेहरा जसा असे, तसाच होता. एका शब्दाचं काम होतं. बरोबरी. चार अक्षरं. मी चौकात तासन्‌तास बोललेला माणूस. पण ते बोललो की पहिला पट त्याचा, ठसे त्याचे, खुर्चीमागची माणसं त्याची, आणि वर माझं वाक्यही त्याचं.

मी खाली वाकलो आणि मोहरी पेटीत भरायला लागलो.

मग टाकाचा आवाज आला. मधल्या रकान्यात माझं नाव लिहिलं गेलं.

"बरं," तो म्हणाला, आणि चप्पल घालून निघून गेला.

माझ्या हातात तेव्हा काळा उंट होता. काळ्यावर ठसा दिसत नाही, तरी मी तो शर्टाला पुसून पेटीत टाकला.

पुढच्या पंधरवड्यात मी आणखी लहान झालो. क्लबात जो तो त्या उंटाविषयी बोलत होता. "काय उंट देला राव!" ज्यांनी बुर्जी म्हणून गलका केला होता, तेच. पहिला पट मी घेतला होता, आणि डाव त्याचा झाला होता. मी मनात उत्तरं रचायचो. प्यादं आणखी आधी पुढं नेलं असतं तर, वगैरे. ऐकायला कुणी नव्हतं.

अमरावतीला आम्ही पाच जण एसटीनं गेलो. तो माझ्या शेजारीच बसला, जागा तेवढीच होती म्हणून. भाकरी सोडली, भिवापूरच्या मिरचीचा ठेचा माझ्याही भाकरीवर ठेवला. अमरावती जवळ आली तेव्हा मी न राहवून विचारलं, "दोन घोड्यांनी मात होत नाही, हे तुम्हाला कुठं कळलं?" पुस्तकात ते होतं. मी न वाचलेल्या पानांवर.

"कुठी नाई. तुह्य पत्रक जोडलं तवा डोक्यात आलं, की बुर्जी गेली त आता काय काय होऊ शकते. मंग घरी पोराले दोन घोडे देल्ले, म्हटलं धर माह्या राजाले. आठ दिवस धरून राह्यला, काही सापडला नाई." हसला. "मंग म्या घोडे घेतले, त्याले राजा देल्ला. मले बी नाई सापडला."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. ठेचा जळजळीत होता, डोळ्यांत पाणी आलं ते त्याच्यावर खपून गेलं.

सामना एका शाळेच्या वर्गात होता. सुरू व्हायच्या आधी पागोटं घातलेला एक म्हातारा आत आला, पहिला पट कोणता ते विचारून माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. चांगला ताठ, हात मागे बांधून. मला बरं वाटलं. खोटं का सांगू, फारच बरं वाटलं. परक्या गावात माझ्यामागे कुणी तरी उभं होतं. मी चार चाली केल्या असतील. म्हाताऱ्यानं वाकून माझा चेहरा पाहिला, दुसऱ्या पटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे, जावई तिकडं बसून राह्यले का!" आणि तिकडे गेला. तो कंपोझिटरचा सासरा होता. जावई पहिल्या पटावर खेळणार, असं त्याला पत्रानं कळवलेलं होतं, माझ्या त्या रविवारच्या आधी.

माझा डाव लांबला. शेवटाला माझ्याकडे एक उंट, समोरच्याकडे एक घोडा आणि एक प्यादं. प्यादं वजीर व्हायला एकच घर कमी. प्याद्याला घोड्याचा जोर. आणि माझ्या उंटाच्या माऱ्यात ते प्यादं सरळ उभं होतं.

मला दिसलं. दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही. उंट द्यायचा, प्यादं मारायचं, त्याच्याकडे एकटा घोडा उरला असता, एका घोड्यानं मात होत नाही, बरोबरी. माझा राजा तेवढा उघडा राहिला असता. नवे नियम आणणारा मी. बुर्जीला सरंजामी म्हणणारा मी. मी उंटाला हात लावला, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो रिकामा पट आला, त्यात एकटा राजा, आणि सभोवती अमरावतीची अनोळखी माणसं. हात वळला. मी उंटानं राजाला शह दिला. निरर्थक शह. त्याचा राजा एक घर सरकला, पुढच्या चालीला प्यादं वजीर झालं, आणि मी हरलो.

दुसऱ्या पटावर तो जिंकला होता. बाकीच्या तिघांचं काय झालं ते मला आठवत नाही.

बाहेर नळावर मी तोंड धूत होतो. तो मागून आला.

"उंट द्याचा होता गा."

"माहीत आहे."

"मंग काहून नाई देल्ला?"

मी नळ बंद केला नाही, पाणी वाहत राहिलं. पाण्याच्या नासाडीवर माझं एक पत्रक आहे. त्यानंच हात पुढं करून तोटी फिरवली.

सासरा तेवढ्यात तिथं आला. "जावईबापू, पत्रात त पहिला पट लिहिलं होतं तुमी."

आता हा सांगणार, असं वाटलं. सांगायला हवं होतं त्यानं, मी तर चौकात सांगितलं असतं. तो म्हणाला, "नाई मामाजी, याचा होता. जितला यानं माह्यापासून."

परतीच्या एसटीत मी मुद्दाम मागच्या बाकावर बसलो.

नागपूरला आल्यावर पुढच्या रविवारी मी गुरुजींना गाठलं. म्हणालो, ती ओळ दुरुस्त करा, ती बरोबरी होती. माझा आवाज पुन्हा चौकातला झाला होता. गुरुजींनी रजिस्टर काढलंही नाही. म्हणाले, "माझ्या रजिस्टरात खाडाखोड नाही. विचारलं होतं तेव्हा पेटी भरत होतास. आता तुला वाटतं तर पत्रक काढ."

त्याला तीन वर्षं झाली. या काळात मी कितीतरी पत्रकं काढली, हे काढलं नाही. पहिला पट त्याच महिन्यात पुन्हा त्याच्याकडे गेला. कुणी ठराव केला नाही, मीच दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसलो. मधला रकाना मी बैठकीत भांडून पुढच्या पानांवर खोडायला लावला. तोवर त्यात नव्या नियमांनंतरचं एकच नाव पडलं होतं.

यंदा वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी सभासदांकडून आठवणी मागवल्या, तेव्हा ठरवलं की इथंच लिहायचं. ती बुर्जी नव्हती. ती बरोबरी होती, आणि पहिला पट त्याचा होता.

लिहून झाल्यावर लक्षात आलं, अंक छापायला जातो तो त्याच्याच छापखान्यात. म्हणजे हे सगळं तो पहिल्यांदा वाचणार, एकेक खिळा उचलून, उलटं. ठशांचं, सासऱ्याचं, माझ्या जळण्याचं. मध्येच थांबेल, कुणाला काही विचारणार नाही, 'बरं' म्हणेल आणि पुढची ओळ घेईल. निदान शुद्धलेखनात तरी तो मला पकडणार नाही म्हणून मी हा मजकूर चारदा तपासला आहे. बुर्जीतला जी सगळीकडे दीर्घ आहे.